असॅसिन्स क्रीडमधला कुठला भाग घ्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीचा नाहीतर उन्हाळ्याचा सेल लागला, की मावसभावापासून ऑफिसातल्या नव्या मुलापर्यंत तीन-चार जणांचा मला हमखास एकच मेसेज येतो : "असॅसिन्स क्रीडमधला कुठला घेऊ?" २००७ ते २०२५ या काळात या व्हिडिओ गेम मालिकेचे मुख्य भागच चौदा झाले. प्रत्येकाचा काळ वेगळा, शहर वेगळं, खेळायची रीतही थोडीफार वेगळी. दरवेळी नव्याने टाईप करण्यापेक्षा उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो. माझं मत आधीच सांगतो : परीक्षणांतले गुण बघून निवडू नका. संध्याकाळी कोणत्या शहरात फिरायला आवडेल आणि आठवड्यात खरोखर किती तास मोकळे मिळतात, या दोन गोष्टींवर निवडा. पुढची सगळी उत्तरं याच दोन गोष्टींभोवती फिरतात.

मी आजवर एकही भाग खेळलेला नाही. सुरुवात कशाने करू?

ओरिजिन्स (२०१७). इजिप्त, इसवी सनपूर्व ४९ च्या सुमाराचा काळ. क्लिओपात्रा आणि तिचा भाऊ तेरावा टॉलेमी यांचं गादीवरून भांडण चालू आहे आणि पुढे त्यात ज्युलिअस सीझर उतरतो. नायक बायेक हा सिवा नावाच्या वाळवंटातल्या हिरव्या गावाचा राखणदार. त्याचा लहानगा मुलगा मारला गेलाय आणि तो गुन्हेगारांच्या शोधात निघालाय. मालिकेचे बहुतेक नायक ज्या मारेकऱ्यांच्या गुप्त पंथातले असतात, तो मुळात उभा कसा राहिला तेच यात सांगितलंय, त्यामुळे आधीचं काहीच माहीत नसलं तरी अडत नाही. बटणांची रचना आजच्या हाताला सवयीची आहे. आणि नाईल नदीकाठची शेतं, खजुरीची झाडं, होड्या, गाढवं हे सगळं इतकं जिवंत आहे, की पहिले काही तास मी घोडा पळवलाच नाही, चालवत नेला.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. नकाशावर जागोजागी उघड्या माळावर दगडांची वर्तुळं आहेत. बायेक तिथे बसतो आणि आकाशातल्या ताऱ्यांवर त्या त्या नक्षत्राचं चित्र जुळवतो. चित्र जुळलं, की त्याच्या मुलाचा आवाज ऐकू येतो. बापलेकांचं ताऱ्यांबद्दल कधीतरी झालेलं बोलणं. मुलगा प्रश्न विचारतोय, बाप समजावून सांगतोय. अशी बारा वर्तुळं आहेत आणि ती करायची सक्ती नाही. पण ती सोडू नका. पुढे बायेक एखाद्याला मारतो तेव्हा त्याच्या हातात काय साचलंय हे तुम्हाला कळलेलं असतं.

पहिल्या भागापासून क्रमानेच खेळायला हवं ना?

नको. ही भीती बऱ्याच जणांच्या मनात असते आणि तिच्यापायीच लोक मालिका सुरू करत नाहीत. मूळ कल्पना अशी : आजच्या काळातला एक माणूस अ‍ॅनिमस नावाच्या यंत्रात झोपतो आणि रक्तातून आलेल्या पूर्वजांच्या आठवणी जगतो. आजच्या काळातलं हे कथानक २००७ ते २०१२ या पाच भागांत डेस्मंड माइल्सचं आहे आणि २०१७ ते २०२० या तीन भागांत लैला हसनचं. पण इतिहासातली गोष्ट प्रत्येक भागात स्वतंत्र आहे, आणि खेळाचा नव्वद टक्के वेळ तिथेच जातो.

क्रम पाळायचाच असेल तर एका ठिकाणी नक्की पाळा : एत्झिओ आउदितोरेचे तीन भाग. दुसरा भाग (२००९), ब्रदरहूड (२०१०), रेव्हलेशन्स (२०११). त्यात एकाच माणसाचं तरुणपण, मध्यमवय आणि उतारवय आहे. तसंच मिराजमधला बासिम आधी व्हॅल्हालामध्ये येऊन गेलाय. मिराजची गोष्ट आधीच्या काळातली असली तरी तिचा शेवट व्हॅल्हाला खेळलेल्याला जास्त भिडतो. नुसता मिराज खेळलात तरी बिघडत नाही.

जुने आणि नवे भाग यांत नेमका फरक काय?

सिंडिकेटपर्यंतचे (२०१५) भाग म्हणजे शहर, छपरं आणि मनगटात लपवलेलं पातं. पात्याचा वार बसला की समोरचा मेलाच, मग तो सेनापती असो की शिपाई. समोरासमोरच्या लढाईत शत्रूचा वार येईपर्यंत थांबायचं आणि परतवायचा. नकाशा बहुधा मोजक्या शहरांचा, पण गच्च भरलेला.

ओरिजिन्सपासून नकाशा देशाएवढा झाला. पात्राची लेव्हल, शस्त्रांची लेव्हल, शत्रूच्या डोक्यावर जीवाची पट्टी. तुमची लेव्हल कमी असेल तर मागून गुपचूप घातलेल्या वारानेही शत्रू मरत नाही, उलट वळून मारायला येतो. जुन्या खेळाडूंना याचा फार त्रास झाला, आणि मला त्यांचं पटतं. मारेकऱ्याच्या खेळात पात्याचा धाक जायला नको. पण व्हॅल्हाला आणि शॅडोजमध्ये सेटिंगमध्ये जाऊन पात्याचा वार हमखास जीवघेणा करता येतो. खेळ सुरू करतानाच तेवढं करून घ्या.

मिराज (२०२३) मुद्दाम जुन्या वळणावर गेलेला आहे.

नोकरी, घर, लहान मूल. आठवड्याला जेमतेम आठ तास मिळतात. काय घेऊ?

मग हिशेबच करू. नुसती मुख्य कथा धरली तर मिराज साधारण १५ तासांचा, दुसरा भाग २० चा, ब्लॅक फ्लॅग २५ च्या आसपास, ओरिजिन्स ३०, ओडिसी ४५ आणि व्हॅल्हाला ६०. म्हणजे तुमच्या आठ तासांच्या आठवड्याने मिराज दोन आठवड्यांत होतो, ओरिजिन्सला महिना लागतो आणि व्हॅल्हालाला जवळजवळ दोन महिने. नकाशावरचं सगळं करायला गेलात तर ओडिसी किंवा व्हॅल्हाला १४० तासांच्या घरात जातात. तुमचे चार महिने.

मी तुम्हाला मिराज सुचवेन. इसवी सन ८६१ चं बगदाद, अब्बासी खलिफांनी राजधानी म्हणून वसवलेलं शहर. मध्यभागी गोल तटबंदीचं शहर, भोवती कालवे, बाजार, हमामखाने, आणि जिथे जगभरचे ग्रंथ अरबीत उतरवले गेले ते ज्ञानगृह. बासिम हा रस्त्यावरचा चोर, तो पंथात येतो. प्रत्येक लक्ष्याचा तपास करायचा, धागेदोरे जोडायचे, मग आत शिरायची वाट आपण शोधायची. एका बैठकीत एक तुकडा पुरा होतो आणि मूल उठलं तर मध्येच ठेवूनही देता येतो. कथेची धार थोडी कमी आहे हे खरं. पण बगदादचं हे रूप १२५८ च्या मंगोल हल्ल्यानंतर उरलं नाही, आणि आज त्या गोल शहराची एक भिंतही उभी नाही. अशा शहराच्या गल्लीतून पळायला मिळणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

सगळे दुसऱ्या भागाचं एवढं कौतुक का करतात? आता तो जुना वाटत नाही का?

दिसायला जुना वाटतो. चेहरे ओबडधोबड आहेत, पळताना एत्झिओ कधीकधी भलत्याच भिंतीवर उडी घेतो. तरीही कौतुक योग्य आहे, कारण आपण त्याला जन्मापासून ओळखतो. त्याच्या पहिल्याच दृश्यात तो जन्मतो, मग सतरा वर्षांचा होतो, भावाबरोबर फ्लॉरेन्सच्या छपरांवर शर्यत लावतो. थोड्याच वेळात वडील आणि दोघे भाऊ फासावर जातात, आणि तो गर्दीत उभा राहून काहीच करू शकत नाही.

त्यानंतरचा एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. वडिलांचं मोडकं पातं घेऊन एत्झिओ तरुण लिओनार्दो दा विंचीकडे जातो. लिओनार्दो ते दुरुस्त करतो आणि मग सांगतो, की हे वापरायचं तर बोट कापावं लागेल. पहिल्या भागाचा नायक अल्तायर याला अंगठीचं बोट नाही, ते याच कारणाने. एत्झिओ हात टेबलावर ठेवतो, डोळे मिटतो. सुरा खाली येतो तो लाकडात. लिओनार्दो हसतो : रचना बदलली आहे, बोटाची गरज उरलेली नाही. दोन मिनिटांत मैत्री उभी राहते, आणि पुढे वीस तास लिओनार्दोच्या दारात शिरताना बरं वाटत राहतं. येस्पर किड यांचं संगीत तर आहेच. फ्लॉरेन्सच्या छपरावर संध्याकाळी ते सुरू झालं की मी कंट्रोलर मांडीवर ठेवतो.

त्यानंतर ब्रदरहूड घ्याच. रोम, बोर्जा घराणं, आणि हाताखाली स्वतःचे शागीर्द. शिट्टी वाजवली की ते छपरावरून शत्रूवर उडी घेतात. रेव्हलेशन्स हा इस्तंबूलमधला निरोपाचा भाग. आधीचे दोन आवडले तरच घ्या.

मला समुद्र आवडतो. ब्लॅक फ्लॅग की ओडिसी?

ब्लॅक फ्लॅग (२०१३), डोळे मिटून. ओडिसीतही जहाज आहे, पण ते एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायचं साधन आहे. ब्लॅक फ्लॅगमध्ये जहाज हेच घर. १७१५ नंतरचा कॅरिबियन समुद्र, हवाना, किंग्स्टन, आणि चाच्यांनी आपलं करून ठेवलेलं नॅसो. एडवर्ड केनवे पैशासाठी आलेला एक वेल्श खलाशी. पंथबिंथ त्याला काही नको असतं. ब्लॅकबिअर्ड, चार्ल्स व्हेन, अ‍ॅन बॉनी, मेरी रीड ही खरी माणसं त्याचे दोस्त होतात आणि मग एकेक करून जातात. १७१८ मध्ये इंग्रज गव्हर्नर वुड्स रॉजर्स राजाचा माफीनामा घेऊन नॅसोला येतो तिथून गोष्टीचा रंग बदलतो. वादळात लाटेवर जहाज चढतं, खलाशी सगळे मिळून गाणं म्हणत असतात. बंदरात उडणारे कागद पकडून नवी गाणी गोळा करायची सोय आहे. मी नकाशावरचं बाकी काही सोडलं असेल, गाणी एकही सोडली नाहीत.

आपल्याकडचा वाचक इथे थबकतो, कारण काळ ओळखीचा आहे. ब्लॅकबिअर्ड मारला गेला १७१८ मध्ये. त्याच वर्षांत आपल्या किनाऱ्यावर कान्होजी आंग्रे कुलाबा आणि विजयदुर्ग धरून होते, आणि इंग्रज त्यांनाही चाचेच म्हणत होते. कान्होजी मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल होते, त्यांच्यामागे राज्य होतं. नॅसोच्या लोकांमागे काहीच नव्हतं. हा फरक डोक्यात ठेवून खेळलं की तिथल्या माणसांची शोकांतिका जास्त कळते.

फ्रीडम क्राय हा याचा जोडभाग जरूर घ्या. एडवर्डचा साथीदार अ‍ॅडेवाले हैतीच्या किनाऱ्यावर गुलामांना सोडवतो. छोटा आहे, पण जड आहे.

युनिटी खेळून नोत्र-दाम पुन्हा बांधलं, हे खरं का?

नाही. ही गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर फार फिरली. १५ एप्रिल २०१९ ला पॅरिसचं नोत्र-दाम पेटलं, आणि युनिटीत (२०१४) ते बारकाईने उभं केलेलं होतं म्हणून लोकांनी दोन्ही जोडलं. गेम बनवणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीने तेव्हा पाच लाख युरो दिले आणि पीसीवर युनिटी आठवडाभर फुकट ठेवला, एवढं खरं. पण गेममधलं चर्च खेळण्याच्या सोयीने बेतलेलं आहे. दोर, कंगोरे, चढायला पकडी. शिवाय युनिटी ज्या फ्रेंच राज्यक्रांतीत घडतो त्या काळात मधला उंच सुळका तिथे नव्हताच : जुना उतरवलेला होता आणि आपल्याला फोटोंमुळे माहीत असलेला वास्तुविशारद वियोले-ल-द्युक यांनी १८५९ मध्ये पुरा केला. गेममध्ये मात्र सुळका आहे, कारण लोकांना तो हवा असतो. अचूक मापं होती ती कलेतिहासाचे अभ्यासक अँड्र्यू टॅलन यांनी लेझरने घेतलेली. डिसेंबर २०२४ मध्ये चर्च पुन्हा उघडलं.

बरं, मग युनिटी घ्यावा का? घ्यावा. तो आला तेव्हा चुकांनी भरलेला होता, कंपनीला माफी मागून जोडभाग फुकट द्यावा लागला. आज त्यातल्या बहुतेक चुका गेल्यात. गर्दीत शेकडो माणसं, उघड्या खिडकीतून घरात शिरून दुसरीकडून बाहेर पडणं, आणि भिंतीवरून खाली उतरायला वेगळं बटण. छपरांवरची इतकी देखणी धाव या मालिकेत दुसरीकडे नाही. कथा मात्र क्रांतीकडे पाठ फिरवून प्रेमप्रकरणात रमते, याचं मला वाईट वाटतं. बास्तीयचा तुरुंग पडल्यापासून राजाच्या शिरच्छेदापर्यंत सगळं आजूबाजूला घडतंय आणि नायकाचं लक्ष भलतीकडे.

ओडिसी की व्हॅल्हाला? दोन्ही मोठे आहेत, एकच परवडेल.

ओडिसी (२०१८). इसवी सनपूर्व ४३१, अथेन्स आणि स्पार्टा यांचं युद्ध सुरू झालेलं. सॉक्रेटिस रस्त्यात गाठून प्रश्नांनी हैराण करतो, हिप्पोक्रेटिस रुग्ण तपासतोय, पेरिक्लीसच्या घरी मेजवानी आहे. सुरुवातीला अलेक्सिओस किंवा कॅसांड्रा यांतलं एक पात्र निवडायचं असतं. कॅसांड्रा घ्या. तिचा आवाज, तिचा मिश्कीलपणा, लहान मुलांशी तिचं वागणं यांवर अख्खा खेळ तरतो. देवळं आणि पुतळे रंगवलेले आहेत, लाल-निळे, सोनेरी. ग्रीक पुतळे पांढरेशुभ्र असायचे हा आपला समज संग्रहालयांमुळे झालाय, गेमने मात्र खरे रंग दिलेत. आणि अथेन्समध्ये साथ येते तेव्हा तुम्ही ज्या रस्त्यांवरून हिंडलात तिथेच प्रेतं जळत असतात.

व्हॅल्हाला (२०२०) नवव्या शतकातल्या इंग्लंडचा आहे. नॉर्वेतून आलेला एव्होर नदीकाठी वसाहत वसवतो, एकेका प्रांताशी करार करतो, आल्फ्रेड राजाशी गाठ पडते. प्रत्येक प्रांताची वेगळी गोष्ट आहे, मालिका पाहावी तशी. हिवाळ्याच्या रात्री सावकाश, तीन-चार महिने पुरवून खेळायला छान. पण घाईने संपवायला गेलात तर विटाल.

शॅडोज घेऊ का? यासुके खरंच होता का?

होता. शॅडोज जपानमध्ये घडतो आणि यासुके त्याचा एक नायक. जेझुइट पाद्री अलेस्सांद्रो व्हॅलिन्यानो यांच्याबरोबर हा आफ्रिकी माणूस १५७९ मध्ये जपानला आला, १५८१ मध्ये ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराला भेटला, त्याच्या चाकरीत राहिला, आणि १५८२ मध्ये होन्नो-जी देवळात नोबुनागाचा शेवट झाला तेव्हा तिथे होता. पाद्र्यांच्या पत्रांत आणि जपानी नोंदींत त्याचा उल्लेख आहे. त्याला सामुराई म्हणावं का यावर वाद झाले. गेमने तो दर्जा देऊन त्याला नायक केलंय.

पण खरी नायिका नाओए, इगा प्रांतातली शिनोबी, म्हणजे निन्जा. आधीचे बरेच तास तुम्ही तिच्याच अंगात असता. ती जमिनीवर आडवी सरपटते, दिवे विझवते, अंधार तिचं हत्यार. यासुके दार फोडून आत जातो. दोघांपैकी कुणाला घेऊन जायचं हे बहुतेक वेळा आपल्या हातात. ऋतू बदलतात आणि त्याचा खेळावर परिणाम होतो. उन्हाळ्यात ज्या गवतात लपलात ते हिवाळ्यात नसतं, आणि तळं गोठलेलं असतं. मी एका वाड्यात पावसाळ्यात शिरलो होतो, पुढच्या वेळी बर्फात गेलो तर आधीची वाटच उपयोगाची नव्हती.

गुपचूप शिरण्याचा खेळ ज्याला आवडतो त्याने शॅडोज घ्यावाच. फक्त मशीन दमदार हवं. पीसीवर एसएसडीत ११५ जीबी जागा मागतो. मिराजचं ४० जीबीत भागतं.

यातला इतिहास किती खरा मानायचा?

शहर, वास्तू, कपडे, तारखा यांवर भरपूर मेहनत असते. कोण कुणाला का मारतो, ते कल्पित. दुसऱ्या भागातलं उदाहरण घ्या. २६ एप्रिल १४७८ ला फ्लॉरेन्सच्या मुख्य चर्चमध्ये शहराची सत्ता हाती असलेल्या मेदिची घराण्यातल्या दोघा भावांवर हल्ला झाला, जुलिआनो मेला आणि लॉरेन्झो जखमी होऊन वाचला. हे सगळं घडलेलं. लॉरेन्झोला एत्झिओने वाचवलं, हे गेमचं. पहिल्या भागातला, मारेकऱ्यांचे शत्रू असलेल्या टेम्पलर या ख्रिस्ती योद्ध्यांच्या पंथाचा प्रमुख रॉबेर द साब्ले खरा माणूस, पण गेममध्ये तो ११९१ मध्ये मारला जातो आणि प्रत्यक्षात ११९३ मध्ये वारला. गेममधलं मारेकऱ्यांचं ठाणं असलेला सीरियातला मस्याफचा किल्लाही खरा आहे, तो निझारी इस्माइली या मुस्लिम पंथाच्या ताब्यात होता. हजारो वर्षं चालणारं मारेकरी विरुद्ध टेम्पलर हे युद्ध मात्र कल्पनेतलं.

मी असं करतो : खेळता खेळता एखादं नाव आवडलं की त्या रात्री त्याच्याबद्दल वाचतो. ओरिजिन्समुळे मला पहिल्यांदा नीट उमगलं, की क्लिओपात्रा गिझाच्या पिरॅमिडकडे बघायची तेव्हा ते अडीच हजार वर्षांचं जुनं होतं. तिच्यासाठीही तो प्राचीन इतिहासच होता.

भारतावर एखादा भाग आहे का? शिवकालावर?

भारतावर आहे, पण छोटा. क्रॉनिकल्स : इंडिया (२०१६), काळ १८४१, नायक अरबाझ मीर. शीख साम्राज्य आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यातल्या तणावाचा काळ. मुख्य भागांसारखा मोकळा नकाशा नाही, बाजूने दिसणारा, डावीकडून उजवीकडे सरकणारा खेळ आहे. शनिवार-रविवारात संपतो. रंगसंगती सुंदर, पण बाकी साधारण.

सिंडिकेटमध्ये, म्हणजे १८६८ च्या लंडनमध्ये, दोन धागे सापडतात. हेन्री ग्रीन हा नायकांचा साथीदार मुळात अरबाझचा मुलगा. आणि शीख साम्राज्याचे शेवटचे महाराजा दुलीपसिंग. लहानपणी राज्य गेलं, १८५४ मध्ये इंग्लंडला नेलं गेलं. गेममध्ये ते आपलं राज्य परत मिळवायची खटपट करतात आणि आपण त्यांना मदत करतो. त्या मोहिमा करताना मला लंडनची सगळी झगमग परकी वाटू लागली.

शिवकालावर या मालिकेत भाग नाही. युबिसॉफ्टचा स्टुडिओ पुण्यात २००८ पासून आहे, म्हणून लोक आशेने विचारतात. आशा मलाही आहे. आग्र्याहून सुटका, १६६६. पहाऱ्यातलं घर, मिठाईचे पेटारे, आत-बाहेर दबा धरलेली माणसं. कोंढाण्याचा कडा, १६७०, रात्र. गर्दीत मिसळणं, कडा चढणं, न दिसता आत जाणं : या मालिकेचे तिन्ही गुण त्या काळात आयते आहेत. राजगडाच्या संजीवनी माचीवर उभं राहून समोर तोरणा बघितला की मला दरवेळी हेच सुचतं. करायचा तर नीट अभ्यास करून, तिथली बोली आणि माणसं नीट पकडूनच व्हायला हवा.

मुलगा नववीत आहे, मागतोय. देऊ का?

मुख्य खेळ नको. बहुतेक भागांवर अठरा वर्षांचा शिक्का आहे आणि तो उगाच नाही. पण ओरिजिन्स, ओडिसी आणि व्हॅल्हाला यांचे डिस्कव्हरी टूर नावाचे वेगळे प्रकार मिळतात. त्यांत मारामारी नाही, तेच जग मोकळेपणाने हिंडायचं आणि माहिती ऐकायची. ओरिजिन्सच्या प्रकारात ७५ सफरी आहेत. ममी कशी करत, पाव-बिअर कशी बनवत, अलेक्झांड्रियाचं दीपगृह कसं होतं. मी भाचीला घेऊन बसलो होतो. ती पिरॅमिडच्या आतल्या अरुंद वाटेने कितीतरी वेळा वर-खाली गेली, आणि नंतर शाळेच्या वहीत तिने तो आतला नकाशा आठवून काढला.

मराठी किंवा हिंदी सबटायटल आहेत का?

नाहीत. इंग्रजी सबटायटल ठेवा आणि आवाज त्या मातीतला लावा : मिराज अरबीत, युनिटी फ्रेंचमध्ये. शॅडोजमध्ये तर खास सोय आहे, जपानी माणसं जपानीत आणि पाद्री पोर्तुगीजमध्ये बोलतात. वाचावं थोडं जास्त लागतं, पण शहर खरं वाटतं.

जुना लॅपटॉप किंवा जुनं कन्सोल आहे. आणि सेकंड हॅण्ड डिस्क घेऊ का?

साध्या लॅपटॉपवर दुसरा भाग, ब्रदरहूड, ब्लॅक फ्लॅग यांच्याकडेच बघा. युनिटी आणि ओरिजिन्स प्रोसेसरला दमवतात. एत्झिओचे तिन्ही भाग एकत्र असलेला सुधारित संच कन्सोलवर मिळतो, पीसीवर नाही. पहिला भाग प्लेस्टेशन ४ आणि ५ वर मिळत नाही. ओरिजिन्स आणि ओडिसी नव्या कन्सोलवर सेकंदाला ६० फ्रेमने चालतात, फरक डोळ्यांना लगेच कळतो.

सेकंड हॅण्ड डिस्क चालते, पण "गोल्ड" लिहिलेल्या डबीच्या नादाने जास्त पैसे देऊ नका. मी एकदा एका दुकानातून तशी डबी आणली. जोडभागांचा कोड आधीच्या मालकाने वापरून झालेला होता, आणि दुकानदाराने परत घ्यायला नकार दिला. साधी आवृत्ती घ्या, गेम आवडला तर जोडभाग सेलमध्ये स्वस्तात घ्या. ओरिजिन्सचा कर्स ऑफ द फेरोज आणि व्हॅल्हालाचा आयर्लंडमधला, हे दोन पैसे वसूल करतात.

सुरुवातीला कुठला टाळू?

पहिला (२००७). जेरुसलेम, एकर, दमास्कस ही शहरं आजही देखणी आहेत, पण तेच ते काम नऊ वेळा करावं लागतं. मालिकेवर जीव जडला की मग त्याच्याकडे या, तेव्हा त्याची सुरुवातीची धिटाई कळते. तिसराही (२०१२) सुरुवातीला नको. मोहॉक आईचा मुलगा कॉनर आणि अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध हा विषय मोठा आहे, जंगलातलं बर्फ सुंदर आहे, पण कॉनर हाती येईपर्यंतच कित्येक तास जातात.

ओरिजिन्स संपला. लगेच ओडिसी घेऊ?

महिनाभर थांबा. दोघांचा सांगाडा एकच आहे, पाठोपाठ खेळलात तर ओडिसीची बेटं तुम्हाला नुसती कामांची यादी वाटतील. मध्ये दुसरा भाग घाला. वाळवंटातून एकदम फ्लॉरेन्सच्या गल्ल्यांत या, सतरा वर्षांच्या मुलाबरोबर छपरावर चढा. वर पोहोचल्यावर त्याचा भाऊ म्हणतो ते दोन मिनिटं उभं राहून ऐका, ते बटण दाबून पुढे ढकलू नका.